कोऱ्या नळीत कोण होतं

खंडेनवमीला मी आमच्या पीसीआर मशीनला कुंकू लावलं आणि ते सरळ चालू करायच्या बटणात शिरलं. कुंकू पाण्यात कालवून, बोट भरून लावायचं ही आमच्या घरची रीत. बटण जे आत चिकटलं ते वर येईना. आरती रंगात आली आणि मशीन टीं-टीं करायला लागलं. लॅबमधल्या तिवारीजींना वाटलं मशीनला पूजा आवडली. मला घाम फुटला. शेवटी प्लग ओढला, टाचणीने कुंकू खरवडून काढलं, झेंडूची माळ मशीनच्या वरच्या फळीला बांधली आणि काहीच झालं नाही अशा चेहऱ्याने पेढे वाटले.

घरी येऊन बायकोला, सुनंदाला, हा किस्सा रंगवून सांगितला. "मुंज लावून आलात म्हणा की मशीनची," ती म्हणाली. आता दर दसऱ्याला भाचे-पुतणे जमले की ही गोष्ट सांगायची फर्माईश होते. पण त्याच दिवशी, त्याच हातांनी मी आणखी एक चूक केली होती. ती टीं-टीं करत नव्हती, म्हणून ती कळायला संक्रांत उजाडली. इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी कामाबद्दल काहीतरी लिहा म्हटल्यावर मला तीच आठवली.

आधी काम काय ते सांगतो, कारण सासऱ्यांना अजूनही वाटतं मी कोरोनाच्या टेस्ट करतो. माधव नगरात एका बियाण्याच्या गोदामावर आमच्या दोन खोल्या आहेत. त्यात मी, आणि माझ्याच वयाचे तिवारीजी. नोंदी, कुलूप, चहा आणि माझ्यावर लक्ष ठेवणं, ही त्यांची खाती.

हरभऱ्याच्या घाट्यात डोकं खुपसून दाणे खाणारी हिरवी अळी तुम्ही पाहिली असेल. तिकडे महाराष्ट्रात तिला घाटेअळी म्हणतात, आम्ही इथले, हिंदी मुलखातले लोक इल्ली म्हणतो. ह्या इल्लीच्या मागावर एक गांधीलमाशी असते. आपल्याला चावणारी नव्हे, मुंगीहून थोडी मोठी, काडीसारखी. ती कोवळी इल्ली शोधते, शेपटीकडची सुई तिच्या अंगात खुपसते आणि एक अंडं आत सोडते. अर्ध्या क्षणाचं काम. इल्ली जरा दचकते आणि पुन्हा पान खायला लागते.

इथून पुढचं मी जेवताना सांगत नाही. अंड्यासोबत माशी असं काहीतरी आत सोडते, की इल्लीच्या शरीराला ते अंडं परकं वाटतच नाही. त्यातून पिल्लू निघतं आणि इल्लीला आतून खाऊ लागतं, पण हिशेबाने. नाजूक भाग शेवटी. तोवर इल्ली चालते, कात टाकते, पान खाते. बाहेरून बघणाऱ्याला काही म्हणजे काही दिसत नाही. फक्त ती थोडं कमी खाते. फार बारीक नजर असेल तरच लक्षात येईल इतकं कमी. आणि मग एका दिवशी ती थांबते.

शेतकऱ्याला जाणून घ्यायचं असतं ते एवढंच, की माझ्या शेतातल्या इल्ल्यांपैकी किती जणींच्या आत 'कोणी' आहे? बऱ्याच जणींच्या असेल तर औषध मारायची गरज नाही. उलट मारलं तर इल्लीबरोबर आतली माशीही जाते. पण डोळ्याला दिसत नाही ते सांगायचं कसं? तिथे माझं मशीन येतं. त्या माशीच्या डीएनएत एक तुकडा असा आहे जो फक्त तिचाच, इल्लीत नसतो. ती आमची खूण. इल्ली चिरडून तिचा रस नळीत घ्यायचा. खूण असेल तर मशीन तिच्या लाखो प्रती काढतं. मग त्या खरवसासारख्या थलथलीत वडीत, प्रत्येक नळीच्या वेगळ्या घरात सोडायच्या, वीज लावायची आणि जांभळ्या उजेडात बघायचं. आत कोणी असेल तर त्या घरात एक चमकती पट्टी दिसते. नसेल तर अंधार.

आणि प्रत्येक वेळी शेवटच्या घरात एक कोरी नळी ठेवायची. तिच्यात इल्ली नाही, काही नाही, नुसतं पाणी. ती अंधारीच राहिली पाहिजे. बाकीच्या नळ्यांवर विश्वास ठेवायचा तो तिच्या भरवशावर.

पूर्वी आणखी एक पद्धत होती. शेतातून आणलेल्या इल्ल्यांपैकी निम्म्या मशीनला द्यायच्या आणि निम्म्या जिवंत पाळायच्या. आठवडाभरात कुणातून काय निघतं ते डोळ्यांनीच दिसायचं. पण रोज पानं बदला, घाण काढा, आणि ह्या बायका एकमेकींना खातात म्हणून प्रत्येकीला वेगळी खोली द्या. मशीन एका दिवसात सांगत असताना हे झंझट कशाला, म्हणून मी ते बंद केलं होतं. कुणी विचारलं तर म्हणायचो, "विज्ञान पुढे गेलंय." खरं म्हणजे मला कंटाळा आला होता.

तर जानेवारीत धापूकाकीचा निरोप आला. देवास गेटवरून बस पकडली की तासाभरावर तिचं गाव. वय साठीच्या पुढे, नवरा नाही, शेत स्वतः बघते. त्या वर्षी तिने सगळा हरभरा बियाण्यासाठी ठेवला होता. सासूच्या वेळचा, बारीक लालसर दाण्याचा, गावात दुसऱ्या कुणाकडे उरला नव्हता. आदल्या वर्षी पाण्याने निम्मं बी गेलं, उरलेलं सगळं तिने पेरलं. म्हणजे जे काही होतं ते उभं होतं, आणि त्यावर इल्ली आली होती. औषधवाला पंप घेऊन यायला तयार होता. पण मागच्या फवारणीला काकी बांधावरच चक्कर येऊन पडली होती, दोन दिवस तिला धड श्वास घेता येत नव्हता. तिला ते नको होतं.

सोमवारी जाऊन मी तीस इल्ल्या आणल्या. तीसच्या तीस मशीनला दिल्या. मंगळवारी दुपारी जांभळा उजेड लावला, आणि काय सांगू, दिवाळी! तिसातल्या सव्वीस घरांत पट्ट्या. मी जागेवरूनच फोन लावला.

"डाक्टर साब, थारी मशीन कईं के री हे? दवई छाँटूँ के नी?" औषध मारू की नको, असं ती विचारत होती.

"मत छाँटो काकी. उनके अंदर तो पहले से बैठे हैं."

तिने मला ऐकू येईल असं, फोन कानाला तसाच ठेवून, औषधवाल्याला नाही म्हणून सांगितलं. मी खुशीत तिवारीजींना टावर चौकातून कचोऱ्या आणायला पाठवलं.

कचोऱ्या खाऊन झाल्यावर फोटो फाइलला लावताना तिवारीजी थांबले. चष्मा कपाळावर चढवला, कागद खिडकीशी नेला.

"भाईसाहब, ये आख़िरी वाला कौन है?"

"कोई नहीं. पानी है."

"पानी में भी कोई है."

मी उठून पाहिलं. शेवटच्या घरात, कोऱ्या नळीच्या जागी, पट्टी होती. बाकीच्यांपेक्षा फिकट, पण त्याच उंचीवर, सरळ, स्वच्छ. मी आनंदाच्या भरात त्या कोपऱ्याकडे बघितलंच नव्हतं.

त्या संध्याकाळी सुनंदाला काही बोललो नाही. मटारची उसळ होती. नेहमीसारखा जेवलो, निदान मला तसं वाटलं.

बुधवारी नवं पाणी, नव्या नळ्या, सीलबंद सगळं. नुसत्या पाण्याच्याच आठ नळ्या लावल्या. आठांपैकी पाच उजळल्या. आमच्याकडे एका डब्यात लॅबमध्येच जन्मलेल्या इल्ल्या गोठवून ठेवल्या आहेत, त्यांच्या सात पिढ्यांनी गांधीलमाशी पाहिली नाही. त्यातली एक लावली. पट्टी. मग मला काय सुचलं कोण जाणे, मी कापसाची काडी घेऊन मिळेल ते पुसायला लागलो. टेबल, खुर्चीचा हात, दाराची बाहेरची कडी, नोंदवही, माझा तळहात. त्या काड्या मशीनला दिल्या, संध्याकाळी जांभळ्या उजेडात बघितलं तर टेबलाची पट्टी होती, खुर्चीची होती, वहीची होती, तळहाताची होती. दाराची कडी फक्त कोरी.

खोलीत एकही माशी उडत नव्हती. खिडक्या बंद होत्या. आणि मशीन सांगत होतं की ती इथे आहे. माझ्या हातावर आहे. पाण्यात आहे.

गोदामातून खाली हमालांचे आवाज येत होते, वर इतकं शांत होतं की मशीनचा पंखा ऐकू यायचा. तिवारीजींनी उदबत्ती लावली, मशीनच्या दिशेने तीनदा फिरवली. एरवी मी हसलो असतो.

"दाराच्या बाहेर नहीं है, मतलब बाहर से नहीं आई," ते आमच्या दोघांच्या मिसळभाषेत म्हणाले. "जो है, अंदर का है."

मी तळहात पँटला पुसला. पुसून झाल्यावर वाटलं, आता पँटलाही आहे.

भीतीची खरी गोष्ट मात्र ती नव्हती. कोरी नळी खोटं बोलली म्हणजे त्या सव्वीस पट्ट्यांतली एकही खरी धरता येत नाही. धापूकाकीच्या इल्ल्यांच्या आत कदाचित कोणीच नसेल. त्या खुशाल घाटे फोडत असतील, आणि ती माझ्या शब्दावर हात बांधून बसली असेल. तिला फोन करायला हवा होता. मंगळवारी संध्याकाळीच करायला हवा होता. पण मी मनाशी म्हणालो, काही पट्ट्या तर खऱ्या असतीलच. म्हणालो, आधी कारण शोधू, मग सांगू. आणि सगळ्यात खाली, अगदी तळाशी, एक आवाज म्हणत होता की इल्लीने पीक खाल्लं तर लोक इल्लीला दोष देतात, मशीनला नाही. हा आवाज माझाच होता, हे लिहिताना आजही बरं वाटत नाही. बुधवारही असाच गेला.

गुरुवारी सकाळी देवास गेटवर जाऊन बसमध्ये बसलो. काकी शेतातच होती. मी जाता जाता बरीच वाक्यं तयार केली होती, त्यातलं एकही आलं नाही.

"काकी, मंगळवारी मी जे बोललो ते पक्कं नाही. मेरे यहाँ पानी में भी निशान आ रहा है."

तिने विळा खाली ठेवला. "तो थारी मशीन झूठी हे?"

"मशीन नहीं. मैं बिना देखे बोल गया."

ती घाटे चाचपत राहिली. एक फोडला, आत इल्ली. ती बोटावर घेऊन बघत म्हणाली, "यो म्हारी सासू को बीज हे. दूसरो नी मिले." आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागलं. मग विचारलं, "कित्ता दन?"

"चार."

"सोमवार के छाँटवा वालो फेर आवेगा. उका पेलाँ बतइ दीजे. ने ई बार मशीन मत पूछजे."

म्हणजे फवारणीवाला सोमवारी पुन्हा येईल, त्याच्या आत सांग, आणि ह्या वेळी मशीनला विचारू नकोस. पंपवाला आला की काकी स्वतः बरोबर उभी राहणार हे मला ठाऊक होतं. मागच्या वेळीही राहिली होती.

नव्या तीस इल्ल्या घेऊन मी लॅबमध्ये गेलोच नाही, सरळ घरी आलो. प्रश्न होता तीस खोल्यांचा. सुनंदाने संक्रांतीच्या हळदीकुंकवाला लुटायला प्लास्टिकच्या झाकणाच्या छोट्या डब्या आणून ठेवल्या होत्या, चाळीस. समारंभ शनिवारी होता. ती शाळेतून येईपर्यंत तीस डब्यांना मी भोकं पाडून बसलो होतो.

दारात उभी राहून तिने एक डबी उचलली, आत बघितलं, खाली ठेवली.

"हे वाण मी कुणाला देऊ?"

"सुनंदा, सोमवारपर्यंतच. फार गरज आहे."

कशाची गरज ते तिने विचारलं नाही. पर्स उचलून टावर चौकात गेली आणि चाळीस चमचे घेऊन आली.

आता ते तीन दिवस. दिवाणखान्यातल्या फळीवर तीस डब्या, ओळीने. कान लावला तर आवाज येतो, खरंच येतो, कोणीतरी दूरवर कागद फाडत असल्यासारखा. एकीचा ऐकू येणार नाही, तिसांचा येतो. घर रिकामं असलं की मी त्या फळीसमोर बसायचो. हिरव्या, गुबगुबीत, पान खाणाऱ्या. ह्यातली कोण एकटी आहे आणि कोण एकटी नाही? त्यांनाही ठाऊक नाही. अशा वेळी माणूस स्वतःच्या पोटावर हात ठेवून बघतो. मी ठेवला.

शुक्रवारी संध्याकाळी फळीवरचा आवाज कमी झाल्यासारखा वाटला. सुनंदा चहा घेऊन आली तेव्हा सातव्या डबीतली इल्ली पानावर थांबली होती. मेलेली नव्हती, डोकं जरासं हलत होतं. मग तिची कूस ताणली गेली, फुगली, आणि तिथून एक फिकट हिरवं टोक बाहेर आलं. सावकाश, अंगरख्याच्या बाहीतून हात काढावा तसं. इल्ली काही करत नव्हती. पिल्लू पूर्ण बाहेर आलं तेव्हा इल्लीचं नुसतं कातडं उरलं होतं, आणि त्याच्याच शेजारी ते स्वतःभोवती धागा गुंडाळायला लागलं. आम्ही दोघं उभेच. चहा गार झाला. तासाभरात तिथे तांदळाच्या दाण्याएवढा, राखी रंगाचा, काळे ठिपके असलेला कोष होता.

"बाई गं," सुनंदा एवढंच म्हणाली.

शनिवारी हळदीकुंकू झालं. फळीवर मी चादर टाकली होती. तरी एका काकूंनी ती उचललीच, आणि नेमक्या वेळी उचलली. त्या चमचा न घेताच गेल्या.

बायका गेल्यावर सुनंदा दाराशी पडलेला कचरा गोळा करत होती. जाता-येता कुणाचा पदर लागून दसऱ्याचं वाळलेलं तोरण गळलं होतं. आमच्याकडे ते आपोआप पडेपर्यंत काढत नाहीत. तिने एक सुका झेंडू चुरगाळला आणि तशीच थांबली.

"अहो, इकडे या. हे तुमचंच आहे ना?"

तिच्या तळहातावर, पाकळ्यांच्या भुशात, राखी रंगाचा, काळ्या ठिपक्यांचा एक कोष होता. रिकामा. टोकाला गोल भोक. दुसऱ्या फुलात दोन निघाले, आणि एक वाळलेली माशी, काडीसारखी, पंख मिटलेली.

दसऱ्याचा झेंडू मी बाजारातून आणला नव्हता. धापूकाकीने टोपलीभर दिला होता. टमाट्याभोवती ती झेंडू लावते, इल्ली टमाटे सोडून त्यावर जावी म्हणून. ती गेली होती, आणि तिच्यामागे माशीही. त्याच टोपलीतलं निम्मं आमच्या दाराला लागलं, आणि निम्म्याची माळ करून मी...

रविवारी लॅब उघडली. मशीनच्या वरच्या फळीला माळ तशीच लटकत होती. देवाचं म्हणून तिवारीजींनी तिला हात लावला नव्हता, मी तर वर बघितलंच नव्हतं. तिच्या बरोब्बर खाली मी नळ्या उघडत होतो. स्टुलावर चढून हात लावला तर फुलं धुळीसारखी सांडली. आत कोषच कोष. दसऱ्यानंतर आम्ही कुलूप लावून दिवाळीला गेलो तेव्हा बंद खोलीत त्या माश्या निघाल्या असणार, काचेवर आपटल्या असणार, तिथेच मेल्या असणार. त्यांचे पंख, पाय, पावडर, पंख्याच्या वाऱ्याने सगळीकडे. माशीची ही खूण मी दसऱ्यानंतर पहिल्यांदा संक्रांतीलाच तपासली, तोवर त्या वाट बघत होत्या म्हणायच्या.

तिवारीजी खाली उभे राहून हात जोडत होते. माळेला की माश्यांना, ते विचारलं नाही.

मशीन खोटं बोललंच नव्हतं. कोऱ्या नळीत खरोखर कोणीतरी होतं, मीच हळद-कुंकू लावून त्यांना बोलावलं होतं.

संध्याकाळपर्यंत तीसपैकी एकोणीस डब्यांत कोष तयार होते. सव्वीस नव्हेत, पण पुरेसे. मी फोन लावला.

"काकी, मत छाँटो. ह्या वेळी डोळ्यांनी बघितलंय."

"मशीन से नी?"

"नी काकी."

"तो ठीक हे."

पंपवाला तसाच परत गेला. काही घाटे गेले, ते जायचेच होते, पण बी वाचलं. होळीच्या आधी काकीने बसच्या कंडक्टरकडून एक पोटली पाठवली. बारीक, लालसर दाणे. सोबत निरोप, थोडं डाक्टर साबच्या घरीही राहू दे, एका जागी सगळं ठेवायचं नसतं. आता मी निम्म्या इल्ल्या पुन्हा पाळतो. माळ आम्ही दाराबाहेर बांधतो.

ती पोटली बघून मात्र मला राहवेना. सुनंदा धुतलेल्या डब्यांत ते बी भरत होती. मी तिला सगळं सांगून टाकलं. कोऱ्या नळीचं मंगळवारीच कळलं होतं, गुरुवारपर्यंत मी कुणाला बोललो नाही, आणि त्या दोन दिवसांत मनात काय काय आलं तेही. ती डबीचं झाकण लावत राहिली.

"मंगळवारी तुम्ही तिसरी पोळी नको म्हणालात," ती म्हणाली. "तेव्हाच ओळखलं, आत काहीतरी शिरलंय. मी फक्त बाहेर कधी येतंय त्याची वाट बघत होते."